हिंदू कोड बिल आणि कायदेमंत्री डॉ. आंबेडकर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती असतात, विणकामाचे नमुने असतात, एखादे यात्रावर्णन असते आणि शेवटी हिशेब. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "कोणीतरी इतिहासावर लिहा. पण जिजामाता आणि झाशीची राणी सोडून दुसरे काहीतरी." तेव्हा हा विषय मी मागून घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याचा अभ्यास मी कोठून करणार? पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भाषणे महाराष्ट्र सरकारने छापली आहेत, त्यांपैकी एक खंड केवळ हिंदू कोड बिलाच्या चर्चेचा आहे. त्याचेच दोन जाडजूड भाग आहेत. ते इंग्रजीत. आमच्या शेजारच्या वकीलताईंनी रविवारी दुपारी तास-तास बसून मला त्यातले मराठीत सांगितले आणि मी वहीत टिपून घेतले. त्या वहीतून हा लेख लिहीत आहे.

बाबासाहेब म्हटले की आपल्याला घटना आठवते. घटनेचे शिल्पकार, दलितांचे कैवारी, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. परंतु ते स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले कायदेमंत्री होते आणि मंत्री म्हणून त्यांनी लोकसभेपूर्वीच्या त्या सभागृहात सर्वांत अधिक झगडा केला तो बायकांच्या कायद्यासाठी, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? मला तरी चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

आधी त्या वेळची स्थिती काय होती ते सांगते, नाही तर बिल कशासाठी हे कळायचे नाही.

पुरुषाने कितीही बायका कराव्यात, कायद्याची आडकाठी नव्हती. आपल्या मुंबई इलाख्यात मात्र १९४६ साली दुसरी बायको करण्यास बंदी झाली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला होता. परंतु देशात इतरत्र एक रीत, पलीकडच्या प्रांतात दुसरी, असा प्रकार. वारसाहक्काचेही तसेच. बंगालात 'दायभाग' नावाची पद्धत, बाकी बहुतेक ठिकाणी 'मिताक्षरा', मलबाराकडे काही घराण्यांत तर आईकडून वारसा चाले. आपल्याकडे मिताक्षरा, आणि काही भागांत नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' मानीत. मिताक्षरेत मुलगा जन्मला की त्याच क्षणी वडिलोपार्जित इस्टेटीत भागीदार होतो. पाळण्यातल्या मुलाचा वाटा असतो. त्याच घरात धुणेभांडी करून मोठ्या झालेल्या त्याच्या बहिणीचा नसतो. घरात भाऊ असला म्हणजे तिला लग्नापर्यंत सांभाळणे आणि लग्न लावून देणे एवढेच.

विधवेचे काय? मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या खटपटीने १९३७ साली एक कायदा झाला व नवऱ्याचा वाटा विधवेला मिळू लागला. पण तो तिच्या हयातीपुरता. तिने त्याचे उत्पन्न खावे. मनाला येईल तसे विकू नये, कोणाला देऊ नये. ती गेली की इस्टेट परत नवऱ्याच्या वारसांकडे. माझ्या आजेसासूबाई पन्नास सालच्या सुमारास विधवा झाल्या. नवऱ्याच्या वाट्याचे दोन एकर त्यांच्या नावावर आले होते. सासूबाई सांगत की त्यांचे दीर त्यांना तोंडावर म्हणत, "वहिनी, तुम्ही राखणदार. धनी आम्ही." विहीर खणायला पैसे हवे होते, पण जमिनीवर कर्ज कोणी देईना, कारण देणाऱ्यालाही ठाऊक होते की बाई गेली की जमीन दुसऱ्याची.

हे सगळे निरनिराळे कायदे एकत्र करून, गाळून-चाळून एक कायदा करावा म्हणून इंग्रज सरकारने १९४१ साली सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९४४ साली ती पुन्हा उभी केली. तीत आपल्या पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य घारपुरेही होते. समितीने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या. मुंबई व पुणे येथेही ती आली होती. तिने तयार केलेला मसुदा एप्रिल १९४७ मध्ये सभागृहापुढे आला आणि स्वातंत्र्यानंतर तो बाबासाहेबांच्या हाती पडला. म्हणजे बिल त्यांनी स्वतःच्या मनाने उभे केले, असे जे पुष्कळ लोक त्या वेळी बोलत, ते खरे नव्हते. पण आयते मिळालेले काम त्यांनी पोटच्या लेकरासारखे अंगावर घेतले, हे मात्र खरे.

९ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी बिल सिलेक्ट कमिटीकडे पाठविण्याचा ठराव मांडला. (त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ एप्रिलला, दिल्लीत त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. पुढे त्या सविताबाई म्हणून ओळखल्या गेल्या. ज्या प्रकारच्या लग्नाला बिलात जागा होती, तसेच हे लग्न.) त्या दिवशीचे भाषण वकीलताईंनी मला दोनदा वाचून दाखविले. रागाचा शब्द नाही, आवेश नाही. गणिताचा मास्तर फळ्यावर हिशेब मांडतो तसे त्यांनी एकेक कलम मांडले आहे. वारसा, पोटगी, विवाह, घटस्फोट, दत्तक, अज्ञानाचे पालकत्व, सगळे क्रमाने.

मला त्यांतल्या तीन गोष्टी फार आवडल्या.

पहिली विधवेच्या त्या अपुऱ्या मालकीची. विरोधक म्हणत, बायकांना व्यवहार कळत नाही, इस्टेट हाती दिली तर भलत्यालाच देऊन बसतील. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की, स्त्रीधन तर तिचे तिला विकता येते ना? ते आपले शास्त्रच सांगते ना? मग स्त्रीधनाची विल्हेवाट लावायला जी शहाणी, ती वारशाने आलेल्या इस्टेटीची विल्हेवाट लावायला वेडी कशी? या प्रश्नाला सरळ उत्तर नाहीच.

दुसरी घटस्फोटाची. सभागृहात पुष्कळ जण म्हणाले की घटस्फोट ही पाश्चात्त्यांची चाल. हिंदू विवाह हा संस्कार, तो तुटत नाही. तो तुटू दिला तर आपली संस्कृती बुडाली. बाबासाहेबांनी विचारले, कोणाची संस्कृती? ज्यांना शूद्र म्हणतात त्या जातींत रूढीने घटस्फोट पूर्वीपासून चालत आला आहे, आणि हिंदूंत शंभरात नव्वद लोक तेच. मग नव्वदांची रीत दहांनी मोडून काढायची की काय? आपल्याकडे हे समजावून सांगण्याची गरजच नाही. काडीमोड, सोडचिठ्ठी, पाट लावणे हे शब्द आपल्या बोलीत काय विलायतेहून आले? माझ्या माहेरच्या गावी निम्म्या वस्तीत पाटाची लग्ने होती आणि त्या बाया देवाधर्माला कोठे कमी नव्हत्या. मूठभर वरच्या जातींची चाल हीच साऱ्या हिंदूंची संस्कृती, असे आपण लिहिण्या-बोलण्यात धरून चालतो. बाबासाहेबांनी त्या गृहीतालाच हात घातला. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्यांच्या साऱ्या भाषणांत वजनदार मुद्दा हाच.

तिसरी गोष्ट हुंड्याची. ती ऐकून मी वहीत खाली रेघ ओढली. बिलात असे कलम होते की लग्नात जो हुंडा दिला जाईल तो वधूची ठेव समजावा. ज्याच्या हाती तो पडला त्याने तो विश्वस्त म्हणून राखावा आणि ती अठरा वर्षांची झाली की तिने तो मागून घ्यावा. म्हणजे हुंडा घेणाऱ्याच्या घरात तो पैसा तिचाच! हुंडाबंदीचा कायदा व्हायला पुढे १९६१ साल उजाडले, तोसुद्धा दोन्ही सभागृहे एकत्र बसवून करावा लागला. पण त्याच्या सहाव्या कलमात हीच कल्पना आहे.

आता मुलीच्या वाट्याकडे येते. मूळ मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. सिलेक्ट कमिटीने तो बरोबरीचा केला. मिताक्षरेतली जन्मसिद्ध भागीदारी काढून टाकून बंगालची दायभाग पद्धत सर्वत्र लावायची, असेही बिलात होते. दायभागात बापाची इस्टेट ही बापाची. तो गेल्यावर ती वारसांत वाटली जाईल आणि त्या वारसांत विधवा, मुलगा, मुलगी, मेलेल्या मुलाची विधवा या सगळ्यांना एकाच ओळीत बसविले होते.

येथेच वादळ उठले. भगिनींनो, विरोध करणारे सगळेच दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांत विद्वान होते, देशासाठी तुरुंगात गेलेले होते. राजेंद्रबाबूंचा विरोध होता. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी म्हणत, ज्यांना हवा त्यांनी हा कायदा घ्यावा, सर्वांवर लादू नये. गंमत अशी की, अतिशय लांबलचक विरोध करणाऱ्यांत बंगालचे नझिरुद्दीन अहमद नावाचे मुसलमान सभासद होते! लोकांच्या मनात भीती होती ती साधी: जावई घरात शिरतील, एकत्र कुटुंब फुटेल, बहीण-भावांत वैर येईल. १९४९ च्या डिसेंबरात दिल्लीला रामलीला मैदानावर बिलाविरुद्ध मोठी सभा झाली. बिलाच्या बाजूने सभागृहात हंसाबेन मेहता, रेणुका राय, दुर्गाबाई बोलल्या. याच दुर्गाबाई पुढे आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झाल्या. बाहेर अखिल भारतीय महिला परिषदेने पाठिंबा दिला. पण विरोधातही बायका होत्याच, हे लपवून काय उपयोग?

त्या सगळ्या आरडाओरडीत संस्कृतीचा प्रश्न पुन्हा पुन्हा येई. त्यावर बाबासाहेबांनी बर्क नावाच्या इंग्रज मुत्सद्द्याचा दाखला दिला. ज्याला जुने राखायचे आहे त्याने डागडुजीला तयार असले पाहिजे, असा त्याचा आशय. हिंदू समाज, हिंदू संस्कृती टिकवायची असेल तर जेथे पडझड झाली आहे तेथे दुरुस्ती करायला कचरू नका. हे बिल त्याहून अधिक काही मागत नाही, असे ते म्हणाले. ज्यांना धर्मबुडवा म्हणून शिव्या देत होते, त्यांनी घर पाडा म्हटले नाही; कौले बदला म्हटले. आपण बायका दर पावसाळ्याआधी हेच करतो. गळक्या घराला सोवळे म्हणत कोणी खाली बसून राहत नाही.

त्यांनी शास्त्राधारही काढून दाखविले. मनु-याज्ञवल्क्यांनी मुलीला वारसांत धरले आहे, भावांनी बहिणीला चौथा हिस्सा द्यावा असे वचन आहे, हे त्यांनी विरोधकांपुढे ठेवले. ज्या माणसाने १९२७ साली महाडला मनुस्मृतीची होळी केली, त्यानेच सभागृहात मनूचे वचन मुलींच्या बाजूने उभे करावे! मला हा त्यांच्या मनाचा मोठेपणा वाटतो. वकीलताई म्हणाल्या, "मोठेपणा कसला, वकिली आहे ती." असेल. दोन्ही असेल.

दिवस मात्र जात राहिले. १९४८ गेले, १९४९ गेले, १९५० गेले. चर्चा थोडी व्हायची, पुढे ढकलली जायची. बाबासाहेबांची प्रकृती ढासळत होती. मधुमेह होता, पाय दुखत. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले की माझी तब्येत बरी नाही, औषधोपचाराला जाण्यापूर्वी हे बिल संपवायचे आहे, तरी ते लवकर घ्यावे. पंडितजींचा बिलाला पाठिंबा होता, पण पक्षातच फाटाफूट होती आणि निवडणुका तोंडावर आल्या होत्या. शेवटी असे ठरले की बिलाचा फक्त विवाह व घटस्फोट एवढाच भाग आधी घ्यावा. सप्टेंबरात चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास राष्ट्रपती राजेंद्रबाबूंनी पंडितजींना लिहिले की ही लोकांनी निवडून दिलेली संसद नाही, तिने असा कायदा करू नये. सभागृहात एकेका कलमावर दिवसच्या दिवस भाषणे. चार कलमे कशीबशी पार पडली आणि मग सरकारने बिल सोडून दिले.

चार वर्षे आणि चार कलमे!

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. रीतीप्रमाणे मंत्र्याने सभागृहात निवेदन करायचे असते. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेबांना ते रुचले नाही. ते सभागृहातून उठून गेले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. राजीनाम्याची कारणे त्यांनी अनेक सांगितली आहेत: दलितांची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळातील कामाची वाटणी. परंतु हिंदू कोडाबद्दल त्यांनी जे लिहिले ते निराळ्याच तळमळीने लिहिले आहे. जातीजातींतली आणि स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून नुसते आर्थिक कायदे करीत जाणे म्हणजे शेणाच्या ढिगावर राजवाडा बांधणे होय, अशा अर्थाचे त्यात वाक्य आहे. आपल्या देशाच्या इतिहासात बायकांच्या हक्काचे बिल मेले म्हणून मंत्रिपद सोडणारा दुसरा कोणी मंत्री मला तरी माहीत नाही.

लोकांनी त्यांना काय दिले? १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत ते पडले. मग राज्यसभेवर गेले. आपल्यापैकी कोणाच्या आजीने त्या वेळी त्यांना मत दिले असेल का, असे माझ्या मनात येते. विचारायला आता कोणी उरले नाही. त्याच निवडणुकीत पंडितजींविरुद्ध अलाहाबादकडे प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू केवळ हिंदू कोड बिलाला विरोध म्हणून उभे राहिले आणि पडले.

निवडणुकीनंतर सरकारने मोठ्या भाकरीचे तुकडे केले. चार तुकडे, चार कायदे. हे काम संसदेत पुढे नेले तेही आपल्याच एका माणसाने. हरिभाऊ पाटसकर, मूळचे इंदापूरचे, चाळीसगावला वकिली करणारे, जळगावचे खासदार. १९५५ पासून ते कायदे खात्याचे मंत्री होते. पुढे ते मध्य प्रदेशाचे राज्यपाल आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही, म्हणून येथे मुद्दाम देते. १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा आला: एक पत्नी असताना दुसरी नाही आणि घटस्फोटाची वाट मोकळी. १७ जून १९५६ ला वारसा कायदा. २५ ऑगस्ट १९५६ ला पालकत्वाचा. चौथा, दत्तक आणि पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ ला झाला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले होते. पंधरा दिवसांचे अंतर पडले. त्यांना श्रद्धांजली वाहताना पंडितजींनी हिंदू कायद्याच्या सुधारणेचा उल्लेख केला. त्यांनी लिहिलेल्या भल्यामोठ्या ग्रंथाच्या रूपात नव्हे, पण तुकड्यातुकड्यांनी का होईना, ती झालेली त्यांना पाहायला मिळाली, असे ते म्हणाले.

वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने विधवेची अपुरी मालकी संपली. बाईच्या ताब्यात जी इस्टेट असेल, आधीची असो की नंतरची, तिची ती पूर्ण मालकीण. आमच्या आजेसासूबाईंना कलम-बिलम काही ठाऊक नव्हते. तलाठ्याने कोणाला सांगितले, त्याने त्यांना सांगितले. पुढे दोन वर्षांनी त्यांनी त्या दोन एकरांवर कर्ज काढून विहीर खणली. ती विहीर अजून आहे, पाणी मार्चपर्यंत पुरते.

पण भाकरीचे तुकडे करताना एक मोठा तुकडा हातून पडला. मिताक्षरेची जन्मसिद्ध भागीदारी बाबासाहेबांच्या बिलाने काढून टाकली होती. १९५६ च्या कायद्याने ती ठेवली. याचा हिशेब उदाहरणाने सांगते. वडिलोपार्जित बारा एकर जमीन, बाप, दोन मुलगे, एक मुलगी. आई हयात नाही असे धरू. बाप मेला. १९५६ च्या कायद्याप्रमाणे आधी बाप आणि दोन मुलगे यांचे चार-चार एकर धरायचे. मुलीचे त्यात काही नाही. मग बापाच्या चार एकरांचे तिघांत समान भाग. म्हणजे मुलीला एक एकर तेरा गुंठे आणि प्रत्येक भावाला पाच एकर तेरा गुंठे. 'मुलीला समान वाटा' असे कायद्यात म्हटले होते ते खोटे नाही, पण कशातला समान, हे बघावे लागते. शिवाय तेविसावे कलम असे होते की राहत्या घराची वाटणी भाऊ मागतील तेव्हाच बहिणीला मिळायची. तिने आपण होऊन मागायची नाही.

हा पडलेला तुकडा उचलायला चाळीस-पन्नास वर्षे लागली. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्मापासून भागीदार केले, पण ज्यांची लग्ने त्याआधी झाली होती त्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलगी मुलासारखीच भागीदार झाली, लग्न झालेली असो वा नसो, आणि ते तेविसावे कलमही गेले. तरी कोर्टांत वाद चालूच राहिला की २००५ साली बाप जिवंत हवा की नको. ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की हक्क जन्माने आहे, बाप त्या दिवशी जिवंत असण्याची अट नाही. आता त्या बारा एकरांत मुलीचे चार आणि प्रत्येक भावाचे चार. बाप मृत्युपत्र करून आपल्या वाट्याचे काही निराळे ठरवू शकतो, तेवढे सोडून.

कागदावर असे झाले. आता हळदीकुंकवाला आपण जे बोलत नाही ते लिहिते. बहुतेक घरांत वडील गेले की दिवस-कार्य आटोपते, मग वारसनोंदीचा विषय निघतो आणि बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. साडीचोळी होते, जेवण होते, "तुझे माहेर कुठे जात नाही" असे म्हणतात. सही न करणारीला हावरी म्हणतात. सही करणारीला कोणी विचारीत नाही की तुला काय हवे होते. हक्कसोडपत्र रजिस्टर करावे लागते, नुसते तोंडाने "मला नको" म्हटल्याने हक्क सुटत नाही, हे पुष्कळ बहिणींना ठाऊक नसते. भावांना मात्र बरोबर ठाऊक असते.

विरोधक सभागृहात म्हणाले होते की बहीण-भावांत वैर येईल. ते सर्वस्वी खोटे होते असे नाही. येते वैर. पण वैर वाटा मागितल्याने येते की नाकारल्याने, हे कोणी नीट पाहत नाही.

आमच्या घरी मामंजी गेल्यावर हाच प्रसंग आला. मी येथे बहिणीच्या नव्हे, वहिनीच्या जागी होते, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आमच्या वन्सं नाशिकला भाड्याच्या घरात राहतात, मुलगा शिकतो आहे. कागद तयार होता. दिरांनी पेन पुढे केले. वन्सं म्हणाल्या, "दादा, मला जमीन कसायची नाही, पण माझे नाव राहू दे. मला वाटले तर मी नंतर देईन, आज नाही." घर सुन्न झाले. सासूबाई उठून आत गेल्या. मला तेव्हा, खरे सांगते, आपल्या मुलांचा वाटा कमी होतो असे आधी वाटले आणि मग विहिरीची गोष्ट आठवली. मी ह्यांना आत बोलावून एवढेच म्हटले की आजेसासूबाईंना त्यांचे दीर राखणदार म्हणत होते, ते तुम्हीच मला सांगितले आहे. हे काही बोलले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

दिवाळीपर्यंत दीर बोलत नव्हते. भाऊबीजेला वन्सं आल्या, ओवाळले, दिरांनी ताटात पाकीट टाकले, बोलणे थोडेच झाले. फेरफाराची नोंद माघात मंजूर झाली. सातबारावर आता चार नावे आहेत: सासूबाई, हे, दीर आणि वन्सं. यंदा उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा आहे, त्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा वन्संनी नाशिकहून पाठविला आहे.